धर्मगुरूला कोण सांभाळतं?



ऑगस्टच्या सुरुवातीला वसईला जाणं झालं. आमच्या शाळेत माझ्याबरोबर अठरा वर्षं भूगोल शिकवलेले एक सहकारी निवृत्तीनंतर तिथे आपल्या वाडीत राहतात. ख्रिस्ती कुटुंब, घरात सगळे कादोडी बोलतात. सकाळी ओट्यावर चहा घेत बसलो होतो, तर समोरून आठ-दहा मुलं हातात फुलं घेऊन चर्चकडे निघालेली दिसली. मी विचारलं, "आज काय विशेष?"

"4 ऑगस्ट. संत जॉन मेरी व्हियानींचा सण. धर्मगुरूंचे आश्रयदाते संत. पोरं आमच्या फादरांना फुलं द्यायला चालली आहेत."

मी सहज म्हणालो, "सर, तुमचे फादर सगळ्या गावाचं पाहतात. लग्न, मयत, आजारपण, भावाभावांची भांडणं. मग फादरांचं कोण पाहतं?"

"बिशप," सर म्हणाले. मग कपातला उरलेला चहा संपवून म्हणाले, "निदान पाहायला हवं. व्हियानींचं चरित्र वाचा तुम्ही. पाहणं किती अवघड असतं ते कळेल."

निघताना त्यांनी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक माझ्या पिशवीत टाकलं. माझं बी.ए. मराठी माध्यमातलं. त्यामुळे शब्दकोश शेजारी ठेवून दीड महिना वाचत होतो. नंतर आणखीही काही मिळवून वाचलं. त्यातून जे उमगलं ते आज लिहितो आहे. थोडं लांबेल, पण गोड मानून घ्या.

आधी दोन शब्द समजून घेऊ. कॅथलिक मंडळींत एका गावाच्या किंवा वस्तीच्या चर्चचा जो परिसर त्याला धर्मग्राम म्हणतात. त्याचं काम पाहणारा तो धर्मगुरू, म्हणजे आपले फादर. अशा अनेक धर्मग्रामांचा मिळून धर्मप्रांत होतो आणि त्याचा प्रमुख तो बिशप. आपल्याला वाटेल, गावचा शिक्षक आणि जिल्ह्याचा शिक्षणाधिकारी यांच्यासारखंच हे नातं. पण तसं नाही. शिक्षक संध्याकाळी घरी जातो. बायकामुलं असतात, भाऊबंद असतात. फादरांना संसार नाही. दीक्षेच्या वेळी ते आपले जोडलेले हात बिशपांच्या हातात ठेवतात आणि आज्ञाधारक राहण्याचं वचन देतात. त्या क्षणापासून कुठे राहायचं, कोणतं काम करायचं, हे बिशप ठरवतात. म्हणजे साहेबही तेच आणि घरातलं वडीलधारं माणूसही तेच. एकाच माणसाने या दोन भूमिका करायच्या, खरी अडचण तिथे आहे.

आता गोष्टीकडे येऊ.

जॉन मेरी व्हियानींचा जन्म 8 मे 1786 चा. फ्रान्समधल्या ल्यों शहराजवळ दार्दिली नावाचं खेडं आहे, तिथल्या शेतकऱ्याचा हा मुलगा. तीन वर्षांचा असताना फ्रेंच राज्यक्रांती झाली. 1790 साली क्रांतिकारी सरकारने कायदा करून धर्मगुरूंना सरकारी नोकर बनवलं आणि त्यांच्याकडून शपथ मागितली. ज्यांनी ती नाकारली त्यांना लपावं लागलं, परागंदा व्हावं लागलं, अनेकांचे जीव गेले. व्हियानी कुटुंबाच्या ओळखीचे फादर असेच वेष पालटून हिंडत. छोट्या जॉनला पहिला ख्रिस्तप्रसाद मिळाला तो 1799 मध्ये एका घराच्या बंद खोलीत. खिडकीतून कोणाला दिसू नये म्हणून बाहेर गवताने भरलेल्या गाड्या लावल्या होत्या. जिवावर उदार होऊन काम करणारे धर्मगुरू त्याने लहानपणी पाहिले आणि आपणही धर्मगुरू व्हायचं असं त्याच्या मनाने घेतलं.

पण आडवं आलं ते लॅटिन.

शाळा अशी जवळजवळ झालीच नव्हती. वयाच्या विसाव्या वर्षी हा मुलगा शेजारच्या एक्युली गावच्या शार्ल बॅली नावाच्या फादरांकडे लॅटिन शिकायला बसला. बरोबरची मुलं कितीतरी लहान. पाठ केलेलं टिकेना. मध्येच नेपोलियनच्या सैन्यात भरतीचा हुकूम आला. हा आजारी पडला, तुकडी पुढे निघून गेली आणि मग ले नोए नावाच्या डोंगराळ गावात चौदा महिने खोट्या नावाने लपून राहिला. 1810 मध्ये माफी जाहीर झाल्यावर परत आला आणि पुन्हा लॅटिन! 1813 मध्ये ल्योंच्या सेमिनरीत दाखल झाला. तिथे सगळं शिकवणं लॅटिनमधून. याला कळेचना. काही महिन्यांतच त्याला घरी पाठवलं.

मी चाळीसच्या वर वर्षं वर्गात काढली. असा विद्यार्थी दर तुकडीत एखादा असतो. वागायला सोन्यासारखा, कष्टाळू, पण परीक्षेत कोरा कागद. आपण काय करतो? "मुलगा चांगला आहे हो, पण..." असं म्हणून निकालपत्रावर सही करतो.

बॅली फादरांनी तसं केलं नाही. त्यांनी त्याला पुन्हा घरी बसवून फ्रेंचमधून धर्मशास्त्र शिकवलं आणि परीक्षकांना आपल्या घरी बोलावून फ्रेंचमधून परीक्षा घ्यायला लावली. मुलाने नीट उत्तरं दिली. त्या वेळी ल्योंचे आर्चबिशप होते कार्डिनल फेश, नेपोलियनचे मामा. राजकारणाच्या उलथापालथीत ते रोममध्ये होते. कारभार पाहत होते त्यांचे मुख्य अधिकारी कूर्बों. प्रकरण त्यांच्यापुढे गेलं. असं सांगतात की त्यांनी एवढंच विचारलं, मुलगा भाविक आहे का? आहे म्हटल्यावर म्हणाले, मग घ्या, बाकीचं देवाची कृपा पाहून घेईल. 13 ऑगस्ट 1815 रोजी ग्रेनोबलच्या बिशपांच्या हस्ते त्याला दीक्षा मिळाली. दीक्षेसाठी ल्योंहून ग्रेनोबलपर्यंत तो एकटा पायी गेला होता.

गंमत पाहा. ज्यांना पुढे सारा युरोप पापनिवेदनासाठी शोधत आला, त्यांना दीक्षेनंतर सुरुवातीला पापनिवेदन ऐकण्याची परवानगीच नव्हती. ज्ञान पुरेसं नाही म्हणून! पहिली काही वर्षं ते बॅली फादरांचेच सहायक होते. दोघेही उपासतापासात एकमेकांच्या वरताण. शेवटी दोघांनीही वरिष्ठांकडे एकमेकांविरुद्ध तक्रार केली म्हणे, की हे फारच शरीर झिजवतात, यांना आवरा. कूर्बों दोघांनाही हसले आणि परत पाठवलं. 1817 च्या डिसेंबरात बॅली गेले. फेब्रुवारी 1818 मध्ये व्हियानींना आर्स नावाच्या गावी पाठवलं. जेमतेम 230 वस्ती. कोणाच्या खिजगणतीत नसलेलं गाव.

इथे त्या काळची एक व्यवस्था समजून घेतली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. 1801 मध्ये नेपोलियन आणि पोप सातवे पायस यांच्यात करार झाला. त्यानंतरच्या नियमांनी धर्मगुरूंना सरकारी पगार मिळू लागला. पण त्यांच्यात दोन वर्ग पडले. मोठ्या ठाण्याच्या गावी जो मुख्य धर्मगुरू असे त्याला सहजासहजी हलवता येत नसे. बाकी खेड्यापाड्यांतले हजारो धर्मगुरू मात्र बिशपांच्या मर्जीवर. एक पत्र आलं की सामान बांधायचं. दाद मागायची सोय नाही. 1839 मध्ये आलिन्यॉल आडनावाच्या दोन धर्मगुरू बंधूंनी या स्थितीवर पुस्तक लिहून तक्रार मांडली, तेव्हा केवढी खळबळ उडाली. आर्सचे फादर याच दुसऱ्या वर्गातले. म्हणजे आपला बिशप कसा निघतो यावर माणसाचं सगळं आयुष्य अवलंबून.

व्हियानींच्या नशिबाने बिशप बरा निघाला. बेलेचा जुना धर्मप्रांत क्रांतीनंतर मोडीत निघाला होता, तो 1822 मध्ये पुन्हा उभारला गेला आणि आर्स गाव त्यात आलं. 1823 मध्ये तिथे बिशप म्हणून आले अलेक्झांद्र दव्ही. क्रांती झाली तेव्हा ते बावीस वर्षांचे होते, म्हणजे ते सगळं वादळ त्यांनी समजत्या वयात पाहिलेलं. मोडलेला धर्मप्रांत पुन्हा उभा करायचा, तर आधी माणसं उभी केली पाहिजेत हे त्यांनी ओळखलं. सेमिनरी, धर्मगुरूंसाठी वार्षिक चिंतन शिबिरं, त्यांच्या कामासाठी सविस्तर मार्गदर्शक ग्रंथ, असं एकेक त्यांनी घडवलं.

आर्समध्ये तोवर काय चाललं होतं? व्हियानी उकडलेल्या बटाट्यांवर दिवस काढत. पहाटेपूर्वी चर्चमध्ये जात. दारूचे गुत्ते आणि रविवारची शेतकामं यांच्याविरुद्ध सडेतोड बोलत. सुरुवातीची त्यांची शिकवण फार कडक होती. नाचाला जाणाऱ्या मुलीला पापक्षमा देताना ते वर्षभरही थांबवत. गावातल्या काहींना हे जाचक वाटलं. त्यांच्या दारावर घाणेरडे कागद चिकटवले गेले. गावातली एक कुमारिका गरोदर राहिली तर तेही पाप यांच्या माथी मारलं गेलं. त्यात काही तथ्य नव्हतं, पण कुजबुज थांबेना.

1827 नंतर बाहेरगावची माणसं आर्सला येऊ लागली. ही माणसं येत होती ती आसपासच्या गावांतून, म्हणजे दुसऱ्या धर्मगुरूंच्या चर्चमधून. मग काय होणार! लॅटिन न येणारा हा अर्धशिक्षित माणूस लोकांना काय सल्ला देणार, असं शेजारचे धर्मगुरू उघड म्हणू लागले. काहींनी आपल्या लोकांना आर्सला जायला बंदी केली. बिशपांकडे तक्रारींची रीघ लागली. एक तक्रारपत्र सह्यांसाठी धर्मगुरूंमध्ये फिरत होतं. चुकून ते व्हियानींच्याच हातात पडलं. त्यांनी वाचलं आणि खाली स्वतःची सही करून पुढे पाठवून दिलं!

अशा वेळी वरिष्ठाने काय करावं? मी मुख्याध्यापक होतो, त्यामुळे या प्रश्नापाशी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. निनावी पत्र आलं की साहेबाला दोन वाटा सोप्या असतात. एक, पत्र केराच्या टोपलीत टाकणं. दुसरी, ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याची बदली करणं.

दव्हींनी दोन्ही केलं नाही. त्यांनी चौकशी केली. आपला माणूस आर्सला पाठवला, स्वतः बोलले. मग व्हियानींना सांगितलं की पापनिवेदनात लोक जे अवघड पेच आणतात त्यांतले नमुने, अर्थातच नावगाव काहीही न कळेल असे, तुम्ही त्यांवर काय निर्णय दिला त्यासह मला लिहून पाठवा. दोनशेच्या वर प्रकरणं आली. बिशपांनी ती बारकाईने तपासली. त्यांना जेमतेम दोन ठिकाणी वेगळं मत द्यावंसं वाटलं असं चरित्रकार लिहितात. पुढे कोणी बिशपांसमोर या फादरांना वेडा म्हटलं, तेव्हा माझ्या बाकीच्या धर्मगुरूंना या वेडाचा थोडा अंश मिळो अशा अर्थाचं ते बोलले, ही गोष्ट फार प्रसिद्ध आहे.

मला यात पेपर तपासणारा चांगला शिक्षक दिसतो. दया म्हणून मार्क वाढवले नाहीत आणि नापासाचा जुना शिक्का पाहून कमीही केले नाहीत. जे लिहिलंय ते वाचलं. ज्या माणसाला आयुष्यभर 'याला येत नाही' हेच ऐकावं लागलं, त्याला कोणीतरी नीट वाचून 'येतं' म्हणणं, ही केवढी मोठी गोष्ट! शिवाय दव्ही इटलीच्या आल्फोन्स लिगोरींच्या मवाळ नीतिशास्त्राचे पुरस्कर्ते होते. त्या वाऱ्याने आर्सच्या फादरांचा सुरुवातीचा कडकपणाही हळूहळू निवळत गेला. तक्रारी करणाऱ्यांपासून बिशपांनी आपला माणूस वाचवला आणि त्याच्यातला दोषही न दुखवता कमी केला.

इथेच गोष्ट संपली असती तर मी हा लेख कदाचित लिहिला नसता. एक छान बोधकथा म्हणून नातवाला सांगितली असती. पण पुढे जे घडलं त्याने मला अस्वस्थ केलं.

लोक वाढत गेले. शे-दोनशे माणसं रोज. शेवटच्या काळात वर्षाला ऐंशी हजारांच्या आसपास. ल्योंच्या रेल्वे स्थानकात आर्सच्या तिकिटांसाठी वेगळी खिडकी उघडली होती आणि परतीचं तिकीट आठ दिवस चालत असे, कारण नंबर यायलाच तेवढे दिवस लागत. व्हियानी मध्यरात्रीनंतर एकच्या सुमाराला चर्चमध्ये जाऊन लाकडी कोनाड्यात बसत. हिवाळ्यात अकरा-बारा तास, उन्हाळ्यात पंधरा-सोळा तास. लोकांची दुःखं आणि पापं ऐकायची. उन्हाळ्यात चर्चच्या आत कोंडून गुदमरायला होई, थंडीत पाय गोठत.

आणि या माणसाच्या मनात सतत एकच होतं, की इथून जावं. आपण या कामाला लायक नाही, एखाद्या मठात एकांतात जावं, आपल्या पापांसाठी रडावं आणि मरावं. त्यांनी ही विनंती बिशपांकडे पुन्हा पुन्हा केली. बिशपांनी ती पुन्हा पुन्हा नाकारली. 1835 मध्ये ते धर्मगुरूंच्या वार्षिक शिबिराला गेले, तर दव्हींनी त्यांना तिथूनही परत पाठवलं. तुम्हाला शिबिराची गरज नाही, लोक तिकडे वाट पाहत आहेत! हा गौरव होता. पण ज्याला आठ दिवस शांत बसायचं होतं त्याला तो कसा लागला असेल?

1843 च्या मे महिन्यात ते मरता मरता वाचले. सप्टेंबरात एका रात्री गुपचूप निघाले आणि चालत दार्दिलीला भावाच्या घरी गेले. वय वर्षं सत्तावन्न. दोन-चार दिवसांत लोक तिथेही पोचले. बिशपांनी कळवलं की तुम्ही आर्सलाच राहावं अशी माझी इच्छा आहे, पण नकोच असेल तर बोमों इथलं छोटं प्रार्थनामंदिर घ्या. ते बोमोंला गेले, तिथे प्रार्थना केली आणि आपण होऊन आर्सला परतले. सगळं गाव चौकात उभं होतं.

बिशपांनी मदतीला माणूस दिला नाही असंही नाही. 1845 मध्ये रेमों नावाचे सहायक फादर नेमले. ते अधिकार गाजवणारे, चारचौघांत म्हाताऱ्याला बोलणारे निघाले. लोकांना ते सहन होईना. पण हे काढू नका म्हणून स्वतः व्हियानींनीच रदबदली केली. माझे दोष सांगणारं कोणीतरी हवं, असं त्यांचं म्हणणं. बिशपांनी ऐकलं आणि आठ वर्षं तो काच तसाच राहिला. आणखी एक. व्हियानींनी 1824 मध्ये गरीब मुलींसाठी शाळा काढली होती. पुढे तिथे अनाथ मुली राहू लागल्या. कातरीन लासान्य ही गावातलीच मुलगी ती चालवायची. शिस्त कमी, शिक्षण जेमतेम, असं म्हणून बिशपांच्या आग्रहाने 1847 मध्ये ती संस्था जोगिणींच्या संघाकडे सोपवण्यात आली. कारभार म्हणून निर्णय बरोबर असेल. म्हाताऱ्याचा मात्र जीव त्या मुलींत होता.

1852 च्या जुलैत दव्ही वारले. नवे बिशप शालांदों मोठ्या प्रेमाने आले. ऑक्टोबरात आर्सला येऊन त्यांनी व्हियानींना मानाचं पद दिलं आणि त्याची रेशमी खांदवस्त्रं सगळ्यांसमक्ष त्यांच्या अंगावर घातली. फादर बिचारे अंग चोरत होते आणि बिशप हसत बटणं लावत होते. बिशपांची पाठ फिरताच त्यांनी ते वस्त्र एका बाईला 50 फ्रँकला विकलं आणि पैसे दानधर्मात घातले. वर बिशपांना पत्र लिहून कळवलं की पैशांची गरज होती, वस्त्राचा चांगला उपयोग झाला!

वाचताना मी मोठ्याने हसलो. मग वाटलं, याला काय हवं होतं आणि काय मिळालं. मागितली सुट्टी, मिळाली शाल. आपल्याकडेही थकलेल्या माणसाला शाल-श्रीफळ देण्याचा उत्साह दांडगा असतो.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 1853 मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी व्हियानी पुन्हा रात्री निघाले. या वेळी गावाला चाहूल लागली. संकटाची घंटा वाजली. लोक कंदील, काठ्या घेऊन बाहेर आले. रेमोंच्या जागी नुकतेच आलेले तोकान्ये फादर यांनी म्हाताऱ्याचं प्रार्थनेचं पुस्तकच दडवून ठेवलं. लोकांनी वाट अडवली, पाया पडले, रडले. ते वळले आणि चर्चमध्ये जाऊन त्या लाकडी कोनाड्यात बसले. तिथेच आणखी सहा वर्षं. 1859 च्या जुलैअखेर उष्म्याने अंथरूण धरलं. तेव्हाचे बिशप लांगालेरी बातमी कळताच धावतपळत आले आणि 3 ऑगस्टच्या संध्याकाळी त्यांना भेटले. 4 ऑगस्टला पहाटे दोनच्या सुमाराला ते गेले. वय 73. शेवटची भेट चुकली नाही, एवढं बिशपांनी केलं.

1925 मध्ये पोप अकरावे पायस यांनी त्यांना संत घोषित केलं आणि 1929 मध्ये धर्मग्रामांत काम करणाऱ्या जगभरच्या धर्मगुरूंचे ते आश्रयदाते ठरले. 2009 मध्ये त्यांच्या मृत्यूला दीडशे वर्षं झाली तेव्हा पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी ते वर्ष धर्मगुरूंचं वर्ष म्हणून पाळायला सांगितलं. आता कोणी म्हणेल, बिशपांनी सोडलं असतं तर हा संत झालाच नसता, त्या लाखो माणसांना कुणी धीर दिला असता? बरोबर आहे. दव्हींनाही हेच वाटलं असणार. एका बाजूला दाराशी उभी असलेली रांग, दुसऱ्या बाजूला एका म्हाताऱ्याची विनवणी. कोणताही कर्ता माणूस रांगेकडे पाहील. शिवाय व्हियानींना पळून जाण्याचा हा सोस मोहच वाटे, आणि परत आल्यावर ते बिशपांना दोष देत नसत, स्वतःलाच देत. मी त्या बिशपांना वाईट म्हणत नाही. निंदकांपासून माणसाला वाचवणं त्यांना जमलं. त्याच्या उपयुक्ततेपासून त्याला वाचवणं जमलं नाही. ते फार कठीण असतं, कारण तिथे नुकसान करणारा कोणी दुष्ट नसतो. सगळे प्रेमानेच करतात.

चर्चलाही हे पुढे समजलं असावं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये बिशपांना बजावलं, की धर्मगुरूंना आपले भाऊ आणि मित्र माना, त्यांचं ऐका, त्यांच्या ऐहिक भल्याचीही काळजी घ्या. 1983 च्या चर्चच्या कायद्यात तर ते कलमांतच आलं. कलम 384 म्हणतं, बिशपांनी धर्मगुरूंकडे विशेष लक्ष द्यावं, त्यांना मदतनीस व सल्लागार मानून त्यांचं ऐकावं, त्यांच्या हक्कांचं रक्षण करावं, चरितार्थाची आणि आधाराची तजवीज करावी. कलम 533 प्रमाणे धर्मगुरूला वर्षातून एक महिना सुट्टी घेता येते आणि शिबिराचे दिवस त्यात धरत नाहीत. कलम 538 प्रमाणे पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली की त्याने राजीनामा सादर करावा. कागदावरच्या या साध्या ओळी. आर्सच्या फादरांच्या बाबतीत त्या असत्या तर? शिबिरातून परत पाठवणं तरी टळलं असतं. अर्थात पंचाहत्तरीपर्यंत ते पोचलेच नाहीत.

आता माझं. हे लिहू की नको, असा विचार आठवडाभर करत होतो.

मी नऊ वर्षं मुख्याध्यापक होतो. शाळेत गणिताचे एक शिक्षक होते. दहावीचा निकाल म्हणजे त्यांची हातोटी. सकाळी सातला जादा तास, संध्याकाळी पुन्हा तास, दिवाळीच्या सुट्टीत सराव. पालक त्यांच्यासाठी आमच्या शाळेत मुलं घालत. मी मुख्याध्यापक झाल्यावर पहिल्याच जूनमध्ये ते म्हणाले, "सर, यंदा मला आठवी-नववी द्या. जरा दम घेतो." मी म्हणालो, "अहो, तुमच्याशिवाय दहावी कोण घेणार?" ते हसले आणि गेले. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी त्यांनी लेखी अर्ज दिला. तो मी टेबलाच्या खणात ठेवला. त्याच वर्षी संस्थेकडे शब्द टाकून त्यांना आदर्श शिक्षक म्हणून गौरवलं. शाल मीच त्यांच्या खांद्यावर घातली. टाळ्या किती वाजल्या! त्यांच्याविरुद्ध एकदा एका पालकाने वेडंवाकडं पत्र लिहिलं होतं, तेव्हा मी त्यांच्या पाठीशी ठाम उभा राहिलो होतो, याचा मला फार अभिमान होता. अजूनही आहे.

सहाव्या वर्षी जून आला, तेव्हा ते काही म्हणालेच नाहीत. मला बरं वाटलं. वाटलं, समजूत पटली.

निवृत्तीला चार वर्षं असताना त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली. कारण 'घरगुती' लिहिलं होतं. तो अर्ज मात्र मंजूर करण्यावाचून इलाज नव्हता.

दव्हींच्या बाजूने निदान एवढं तरी म्हणता येतं की त्यांच्यासमोर लोकांच्या आत्म्यांचा प्रश्न होता. माझ्यासमोर निकालाची टक्केवारी होती.

पुस्तक परत करायला मागच्या रविवारी वसईला गेलो, तर चर्च सुटलेलं. तरुण फादर अंगणात उभे होते. भोवती वीस-पंचवीस माणसं, प्रत्येकाचं काहीतरी काम. सरांनी माझी ओळख करून दिली. मी विचारलं, "फादर, यंदा सुट्टी घेतलीत का?" ते गोंधळले. मग हसून म्हणाले, "घ्यायची आहे." शेजारच्या एक आजी लगेच म्हणाल्या, "सुट्टी कशाला? आमचे फादर कधी दमतच नाहीत!"

सगळे कौतुकाने हसले. फादरही हसले. सर माझ्याकडे पाहत होते.

आमच्या त्या गणिताच्या सरांचा पत्ता माझ्याकडे आहे. जाऊन भेटायचं ठरवलं आहे. काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही.

असो. आज इथेच थांबतो.